पडद्यावर नसलेली म्हातारी

वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मी एका धंद्यातून निवृत्त झालो आहे, आणि तो धंदाच आता उरलेला नाही. संपादकांनी लिहिले, "आपल्या कामाचे अनुभव लिहा." कामाचे नाव विचारले तर मलाच अडखळायला होते. तंबूतल्या सिनेमात पडद्याशेजारी उभे राहून लोकांना चित्र समजावून सांगणारा माणूस, एवढेच ते काम. आमच्याकडे त्याला 'सांगणारा' म्हणत. मला 'मास्तर' म्हणत, कारण मी चष्मा लावत असे आणि रिळे बदलताना लोकांना दारूबंदीवर भाषण देत असे.

हे भाषण कोणी ऐकत नसे. शेंगांची टरफले मात्र नेमाने येत.

आधी धंदा सांगतो, कारण पुढच्या पिढीला तो थापच वाटेल. चित्र मुके असे. मधून मधून पडद्यावर इंग्रजी पाट्या येत. वाचता येणारा माणूस तंबूत बहुधा मी एकटाच, तोही इंग्रजी चौथीपर्यंतचा. पाटी आली की मी पत्र्याचा कर्णा तोंडाला लावायचा आणि ती अहिराणीत सांगायची. कोण कोणाचा कोण, कोण रागावला, हातातल्या कागदात काय लिहिले आहे, सगळे मी सांगायचे. यंत्र एकच. त्यामुळे रीळ संपले की बत्ती पेटवायची आणि उस्मानचाचा दुसरे रीळ चढवीपर्यंत लोकांना धरून ठेवायचे. लोक पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसत. पुढे बाजारपेठेतली मंडळी, मागे ज्यांना कमी पैशात पाहायचे ती. मागूनही दिसावे म्हणून पडदा पाण्याने भिजवून ठेवायचा. मागच्यांना सगळे उलटे दिसे. एकदा पडद्यावर एक साहेब डाव्या हातात काटा धरून जेवला. पुढच्यांनी नाके मुरडली, मागच्यांनी शपथेवर सांगितले की तो उजव्याच हाताने जेवत होता, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात यावरून दोघांची डोकी फुटायची वेळ आली. दोघेही खरे बोलत होते! हा प्रसंग मला तेव्हा फार गमतीचा वाटला होता. आता तितका वाटत नाही.

माझा एक नियम होता. पडद्यावर जे आहे तेच सांगायचे. माझ्या आधीचा सांगणारा वाटेल ते घालून सांगत असे. राक्षसाच्या चित्रात त्याने तलाठ्याचे नाव घेतले होते म्हणतात. मला त्या प्रकाराची चीड होती. मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. कळसाडीला आमच्या मामांची एक पत्र्याची पेटी होती, तीत स्वदेशी, साक्षरता, बालविवाह, भगतांची लबाडी अशा विषयांवरची पातळ कागदाची पत्रके ठासून भरलेली. कापूस वेचून आलेल्या माणसांना मामा ती मोठ्याने वाचून दाखवायला लावत. अडखळलो तर पुन्हा पहिल्यापासून. छापलेला शब्द खरा असतो आणि खरा शब्द माणसाला बदलतो, या दोन गोष्टींवर माझा तेव्हा अढळ विश्वास बसला. सिनेमाच्या नोकरीत मी शिरलो तोही याच विश्वासाने. इतकी माणसे एका जागी गुपचूप बसलेली मला दुसरीकडे कुठे मिळणार होती?

मालक रतनशेठ. मारवाडी घराण्यातले, नंदुरबारला कापडाचे दुकान, पण जीव तंबूत. त्या हिवाळ्यात आम्ही अक्कलकुव्याला मुक्काम टाकला होता. आठवड्याच्या बाजाराला डोंगरातली माणसे उतरतात, त्या हिशेबाने शेठनी मुंबईहून मारामारीचे चित्र मागवले होते. रेल्वेने नंदुरबारला आणि तिथून बैलगाडीने पेटी आली. उघडली तर आत भलतेच चित्र. एका गोऱ्या कुटुंबाच्या मोटारसहलीचे. विनोदी, असे पेटीवर लिहिले होते.

मी ते पाहिले आणि माझे डोके फिरले. साहेब, मडम आणि चार कार्टी. ती कार्टी बापाची टोपी रस्त्यावर फेकतात, चाकातली हवा सोडतात, शिपायाच्या डोक्यावर मुरंबा ओततात, आईच्या झग्याला बकरी बांधतात. बाप प्रत्येक वेळी हात वर करून डोळे फिरवतो. बस. शेवटी मोटार घसरते आणि तळ्यात पडते आणि सगळे पाण्यात उभे राहून हसतात. सहा रिळे हेच! ना कष्ट, ना विचार, ना अन्याय, ना त्याचे निवारण. मी शेठना म्हणालो, हे दाखवू नका. शेठ म्हणाले, दुसरं आहे कुठे?

पहिल्या खेळाला मांडव भरला. मोटार निघाली, मागे पेट्या बांधलेल्या, पोरे खिडक्यांतून लोंबकळणारी. तोच पुढच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने हाक दिली.

"मास्तर, कोन मरी गयं?"

मी म्हणालो, "कोनी मरेल नही, आबा."

"मंग लगीन शे का?"

"नही."

"जत्रा?"

"जत्रा बी नही. फिराले जाई ऱ्हायनात. मजा कराले."

आमच्या मुलखात पोरेबाळे घेऊन घर बंद करून माणूस निघतो तो तीनच कारणांनी: मयत, लग्न नाहीतर देव. सहल हा शब्द मी शाळेत शिकलो होतो. त्यांनी तो ऐकलाही नव्हता.

"घरमा मजा येत नही का त्यास्ले?" पलीकडून एक बाई म्हणाली.

यावर पत्रकात उत्तर नव्हते. पोराने चाकातली हवा सोडली, कोणी हसले नाही. पोराने बापाची टोपी फेकली तेव्हा मात्र आवाज आला: "एक कानफडात ठेव रे त्याले!" बापाने हात वर करून डोळे फिरवले, तशी लोकांनी बापाचा नाद सोडला. इतका मेंगळट बाप पाहायला कोण बसणार?

पहिले रीळ संपले. बत्ती पेटली. लोक उठायला लागले.

शेठ माझ्याकडे जवळजवळ धावतच आले. "मास्तर, लोके उठी ऱ्हायनात!"

"जे शे तेच सांगं मी."

"जे शे ते देखाले त्यास्ना डोया शेत. तुमले मी कसाले ठेवेल शे? उद्या मांडव रिकामा ऱ्हायना, तर तुमीन कळसाडीले आन मी दुकानवर."

बोलणे मला लागले, पण मी नियम मोडला तो त्याने नव्हे. तोंडे समोर असली की नियम पाळता येतो. मला पाठी दिसत होत्या. शंभर माणसे माझ्याकडे पाठ करून निघाली होती. मी कर्णा उचलला आणि ओरडलो, "बठा, बठा! साहेबनी माय आजारी शे! निरोप उना, म्हनीसन निघनात!"

पाठी थांबल्या. वळल्या.

"आरे मंग आधी सांगता येत नही का?" तोच म्हातारा चिडून म्हणाला, आणि खाली बसला.

पुढची पाच रिळे मी कशी सांगितली ते मला नीट आठवत नाही. चित्र तेच होते. पण आता पोराने हवा सोडली की बायका हाय हाय करत. शिपायाने मोटार अडवली की लोक शिपायाला हात जोडत. मुरंबा ओतला तेव्हा टाळ्या पडल्या, कारण वाट मोकळी झाली. शेवटी मोटार तळ्यात पडली आणि सगळी मंडळी पाण्यात उभी राहून हसायला लागली, तेव्हा पुढच्या रांगेतून म्हातारीची विचारणा झाली.

"डोकरी कोठे शे?"

मी म्हणालो, "पल्याडला काठवर. नाव नही, पूल नही. म्हनीसन मोटार पाणीमा घाली."

"मंग हसतस कसाले?"

"तिना घरमा दिवा दिखना. डोकरी जित्ती शे."

असा ओरडा मी त्या तंबूत कधी ऐकला नव्हता. एकाने पागोटे वर फेकले. उस्मानचाचा यंत्रामागून बाहेर आले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "मास्टर, बुढ़िया कौनसे रील में थी? मुझे तो दिखी नहीं."

दुसऱ्या दिवशी मला चैन पडेना. बाजार भरला होता. मी बांबूच्या, मिठाच्या, बांगड्यांच्या ओळींतून उगाच चकरा मारत होतो. ज्याने भगतांच्या लबाडीवर पत्रके वाचली, त्याने काल काय केले? भगत अंगात आणतो, मी म्हातारी आणली. मी तंबूत परतलो, कागद घेतला आणि लिहून काढले: बंधुभगिनींनो, काल या ठिकाणी आपली फसवणूक झाली. संध्याकाळच्या खेळाआधी हे वाचून दाखवायचे आणि मग जे व्हायचे ते होवो.

कागद वाळू घालतो आहे तोच एक बाई तंबूच्या दोरीशी येऊन उभी राहिली. तिशीची असेल. कडेवर एक, पदराला एक, आणि तिसरा आमचा खुंटा उपटण्याच्या प्रयत्नात.

"काल तुमीनच व्हतात ना सांगणारा? मी सुपडाबाई. ह्याच गावनी शे."

मी हो म्हणालो.

"काल तुमीन डोकरीनं घाईमा उरकी टाकं," ती म्हणाली. "आज नीट सांगा. ती काय खास, कोन तिले पाणी देस, काहीच सांगं नही."

मला हसावे की रडावे कळेना. तिने पुढचे सांगितले ते उभ्याउभ्याच. तिची आई तळोद्याच्या वाटेवरच्या एका गावात आजारी. निरोप येऊन आठ दिवस झाले. नवरा हिरामण गाडीवाला, जंगलातली लाकडे ओढून डेपोत टाकायचे काम. हंगाम चालू, ठेकेदार मागे लागलेला. तो म्हणतो, लाकडे पोचवू, मग जाऊ. एकटीने जावे तर तीन पोरे आणि दिवसभराची वाट. काल तो कामावर होता, ती शेजारणींबरोबर आली होती. आज तो येणार होता.

"त्यास्ले मी सांगं तर ऐकतस नही. तुमनं तरी ऐकतीन."

मी कागदाकडे पाहिले. मग सरळ सांगून टाकले की बाई, ती म्हातारी खोटी आहे, पडद्यावर कुठेच नाही, मी रचली.

ती माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू मीच काही तरी मंदपणा केला आहे.

"माले मालूम शे," ती म्हणाली. "माले बी डोया शेत. पन मन्ही माय तर खरी शे ना?"

आणि खुंट्यावरच्या पोराच्या पाठीत धपाटा घालून ती निघून गेली.

मी तो कागद वाचला नाही. त्याचे समर्थन मी इथे करणार नाही. खेळ सुरू होईपर्यंत तो माझ्या सदऱ्याच्या खिशात होता आणि मी दर दोन मिनिटांनी तो चाचपत होतो. मग मला पुढच्या बाजूला, मधल्या खांबाजवळ, हिरामण दिसला. म्हणजे सुपडाबाई दिसली बायकांच्या दोरीपलीकडे, आणि तिने हनुवटीने दाखवला. दणकट, गप्प माणूस, मांडीवर धाकटे. थोरला खांबावर चढत होता. मधलीने पुढच्या माणसाचे पागोटे सोडायला घेतले होते. पडद्यावरची चार कार्टी बरी म्हणायची.

त्या दिवशी मी म्हातारीचे नीट सांगितले. काय खाते, कोण पाणी देते, दाराकडे कशी पाहते. पडद्यावर मोटार धावत होती आणि मी मोटारीत नसलेल्या बाईबद्दल बोलत होतो. तिसऱ्या रिळात चाक बसते, आणि साहेब रस्त्याच्या कडेला चादर अंथरून निवांत पाव खायला बसतो. विनोद असा की मुंग्या येतात. तिथे तंबू फुटला.

"आरे हरामखोर, तठे माय मरी ऱ्हायनी आन तू पाव खाई ऱ्हायना?"

"ऊठ ना रे, बैलना सारखा काय बठी ऱ्हायना!"

"चालत जाय! पाय नहीत का तुले?"

पुढून, मागून, बायकांच्या बाजूने. मागच्यांनी तर ओल्या पडद्यावर ढेकूळ मारले. मी कर्णा खाली घेतला. माझी गरजच उरली नव्हती. हिरामण मध्ये बसला होता. त्याने मांडीवरचे पोर छातीशी घेतले आणि मान खाली घातली. मोटार तळ्यात पडली तेव्हाच वर केली.

सकाळी शेठ चहा घेऊन स्वतः आले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. पुढचा मुक्काम तळोद्याला, मग धानोऱ्याकडे. सगळीकडे हेच चित्र. जाहिरातीची पत्रके छापायची, मजकूर मी लिहायचा. पहिली ओळ त्यांनी तयारच ठेवली होती: 'मरणाच्या दारातील माता आणि तिचा लेक'.

मी म्हणालो, हे मी छापायला देणार नाही.

"तोंडवरी सांगतस, मंग छापाले काय व्हयनं?"

प्रश्न बिनतोड होता. मी तोंडाने दोन दिवस खोटे बोललो होतो आणि दुसऱ्या दिवशी तर मन लावून बोललो होतो. पण बोललेले तिथल्या तिथे माणसांनी पारखून घेतले होते; कोणी खाली बसले, कोणी ढेकूळ मारले, एक बाई तोंडावर म्हणाली की मला ठाऊक आहे. छापलेले पत्रक मात्र कुठल्या तरी पेटीत जाईल. कोणी पोर ते अडखळत वाचील आणि खरे मानील, कारण त्याला कोणी तरी तसे शिकवले असेल. हे सगळे मी शेठना सांगितले, बहुधा आवाज चढवून. भाषण झाले म्हणा ना. शेठनी चहा संपवला. मग थंडपणे म्हणाले की तळोद्याला त्यांना दुसरा सांगणारा मिळेल.

उस्मानचाचांनी कागदात भजी बांधून दिली. "जाओ. वैसे भी अगली फिल्में खुद बोलेंगी, मास्टर. तुम्हारा क्या होता?" त्यांचे खरे झाले. पुढच्याच वर्षी नंदुरबारला बोलपट आला. पण तेव्हा माझ्या डोक्यात एकच विचार होता, की मी एकाच आठवड्यात खोट्यासाठी नियम मोडला आणि खऱ्यासाठी नोकरी घालवली, आणि या दोहोंत एकही गोष्ट मला धड जमली नाही.

तळोद्याच्या रस्त्याने चालत निघालो. थोडी वाट गेल्यावर मागून घुंगरांचा आणि किंकाळ्यांचा आवाज आला. हिरामणची गाडी. लाकडे त्याने डेपोत न नेता पहाटेच आपल्या दारात उतरवून ठेवली होती. आत सुपडाबाई, गाठोडी आणि ती तीन पोरे.

"मास्तर, बठा," तो म्हणाला.

मी बसलो. पहिल्या कोसात माझा चष्मा दोनदा गेला. थोरल्याने भजी संपवली. मधली बोरे खाऊन बिया माझ्या कॉलरमध्ये टाकत होती. धाकट्याने गाठोड्यावर लघवी केली. हिरामण एकदा वळून हात उगारायचा आणि पुन्हा बैलांकडे बघायचा, हुबेहूब त्या साहेबासारखा. मी हे बोलून दाखवले नाही.

मग तो आपण होऊन बोलला. "ती डोकरी नही व्हती, माले मालूम शे. माय मरी ऱ्हायनी तर मानूस असा हसस का? आन दिवा दिखना म्हने. भर दुपार व्हती तठे."

मी म्हणालो, मंग तू कसाले निघना?

"लोकेस्नी साहेबले जितल्या शिव्या दिन्यात, सगळ्या माले लागन्यात. मी मधमा बठेल व्हतू ना. साहेब काय, त्याले ऐकू येस का?"

सुपडाबाई गाडीच्या कडेला पाय सोडून बसली होती. ती आमच्याकडे बघत नव्हती. वाट जसजशी ओळखीची होऊ लागली तसतशी ती कडेवर पुढे पुढे सरकत गेली. एका चिंचेपाशी डावीकडे फाटा फुटत होता. गाव झाडांआड, चार शेते पलीकडे. तिने हात वर केला. हिरामणने कासरा ओढला. बैल थांबले.

ती ऐकत होती. घरात मयत असले की रडणे वाऱ्यावर शेतापर्यंत येते, आणि गावात कोणी मुसळ उचलत नाही. पोरांना कोणी काही सांगितले नव्हते, पण तिघेही एकदम गप्प झाली. थोरल्याच्या हातात माझा चष्मा तसाच राहिला. वारा गावाकडून येत नव्हता, आडवा होता. मला ते सहन होईना. काहीतरी धीराचे बोलावे म्हणून मी तोंड उघडले.

"मास्तर," हिरामण हळूच म्हणाला, "आते काही सांगू नका."

मी तोंड मिटले. आम्ही ऐकत राहिलो. बैलाने मान हलवली, घुंगरू वाजले, सुपडाबाईने पुढे वाकून ते मुठीत धरले. मग वारा पडला, आणि झाडांपलीकडून कांडण्याचा आवाज आला. बारीक, पण एकसारखा. धप्. धप्. धप्.

ती बैल निघायची वाट न पाहता उडी मारून पळत सुटली.